जानकीआयचा धवला आणि चौथं कार्ड

आधीच सांगून ठेवतो, ते मशीन मी भंगारात देणार नाही. हा लेख वाचून ज्यांना पुन्हा तोच सल्ला द्यायचा असेल त्यांनी तोंडाची वाफ दवडू नये. सल्ला देणारे आजवर पुष्कळ झाले. पनवेलला राहणारा माझा भाचा नितीन त्यात सगळ्यात पुढे. तो नव्या मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याच्या सल्ल्याला वजनही जास्त. "मामा, ये सब फेंक दो यार. मोबाईलवर सगळं दिसतंय, कोण बघतो तुझी केबल?" असं तो दर भेटीत म्हणतो. मी त्याला जेवायला वाढतो आणि विषय बदलतो.

मशीन म्हणजे काय, ते सांगतो. आमचा कोळीवाडा थळपासून फार लांब नाही. वाड्याच्या मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना आहे. मी त्या कारखान्याचा वायरमन म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कारखान्याच्या माडीवर एक खोली, खोलीत पाठीमागून उघडं लोखंडी कपाट, कपाटात एक कॉम्प्युटर आणि त्याच्या पोटात चार कार्डं. गच्चीवर दोन छत्र्या. आकाशातून जे चॅनल फुकट येतात ते ही कार्डं पकडतात आणि तारेवरून वाड्यातल्या नव्वद घरांत सोडतात. निवृत्त झालो तरी या खोलीची चावी माझ्याच कमरेला आहे. ती कुणी मागितली नाही आणि मागितली तरी मी दिली नसती.

छत्री सगळंच गोळा करते, तिला निवड कळत नाही. निवड कार्ड करतं. मासळीबाजारात पन्नास बायका एकदम ओरडत असतात, तरी आपल्याला आपल्या ओळखीच्या बाईचा भाव बरोबर ऐकू येतो की नाही? तेवढंच काम कार्डाचं. एका कार्डाने एका वेळी एकीकडेच कान द्यायचा. चार ठिकाणी कान द्यायचा तर चार कार्डं लागतात. हे सगळं चालवते लिनक्स नावाची प्रणाली. ती फुकट मिळते, पण फुकटात चालत नाही. तिच्यापुढे बसून तिचं म्हणणं वाचावं लागतं. एक कार्ड कुणीही सांभाळील. चार झाली की एका घरात चार जावा आल्या म्हणून समजा.

एक मासला सांगतो. मशीन चालू झालं की लिनक्स कार्डांना नंबर देतं, आणि जे कार्ड आधी जागं होईल ते पहिलं. हे मला ठाऊक नव्हतं. एकदा वीज जाऊन आली आणि कार्डांनी आपसात जागा बदलल्या. सोसायटीचे चेअरमन दामू नाखवा, म्हणजे तीन बोटींचे मालक, त्यांची म्हातारी आई रोज सकाळी कीर्तन लावून बसायची. तिथे कुस्ती आली. म्हातारीने दोन दिवस कुस्ती बघितली, कुणाला चकार शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला पत्ता लागला. प्रत्येक कार्डाला स्वतःचा जन्माचा नंबर असतो, तो वाचून मी ज्याची त्याची जागा कायमची बांधून टाकली. त्या संध्याकाळी नाखव्यांच्या आईची पहिली तक्रार आली. कुस्ती कुठे गेली म्हणून.

असल्या भानगडी मी पुष्कळ निस्तरल्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला जी भानगड सुरू झाली तिने माझी झोप उडवली.

दसऱ्याला आमच्यात बोटीची, इंजिनाची, जाळ्यांची पूजा होते. मी माझ्या मशीनची करतो. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा भरगच्च हार. त्या वर्षी हार मोठा झाला होता, म्हणून कॉम्प्युटरभोवती फिरवून टोक मागे सोडलं. नारळाचं पाणी लांब उंबऱ्यावर सांडलं, कारण विजेचा माणूस आहे मी, एवढी अक्कल आहे मला. त्याच दुपारी पहिली तक्रार आली. चित्र फुटतं. फुटतं म्हणजे माणसाच्या तोंडाचे चौकोनी तुकडे होतात, आवाज कचकच करून तुटतो, आणि दोन-तीन सेकंदांनी सगळं सरळ होतं. पुन्हा पाच मिनिटांनी तेच.

गंमत अशी की दोन कार्डं चालू ठेवली तर चित्र ठणठणीत. तिसरं लावलं की क्वचित फुटायचं. चौथं लावलं की वीस मिनिटांत चारही चॅनलांचा भुगा. मशीन स्वतःची रोजनिशी लिहीत असतं, कुठे काय गहाळ झालं ते ओळीने लिहून ठेवतं. ती मी वाचत बसलो. गहाळ, गहाळ, गहाळ. का गहाळ, ते मात्र लिहीत नाही मेलं.

आमच्याकडे पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. तो तांब्याला हिरवं करतो आणि लोखंडाला खातो. मी गच्चीवरची सगळी टोकं कापून नवीन बसवली. फरक नाही. मग वाटलं, वीज कमी पडत असेल, चार कार्डांची भूक मोठी. अलिबागहून मोठा पॉवर सप्लाय आणून लावला. फरक नाही. मग प्रणाली जुनी केली, मग नवी केली. इंटरनेटवर कुठल्या देशातला कोण जाणे, एक भला माणूस माझ्या मोडक्या इंग्रजीला उत्तरं देत होता. त्याने विचारलं, तापमान बघितलंस का? मी बघितलं. प्रोसेसर थंडगार होता, तसं त्याला कळवलं. या उत्तराची मला आजही लाज वाटते. का, ते पुढे येईल.

आठवडाभर मी लोकांच्या शिव्या खात होतो, आणि त्या रविवारी रेश्मा माडीवर आली.

रेश्मा ही जानकीआयची सून. आणि जानकीआय म्हणजे आमच्या वाड्याची धवलारीण. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. ती गायल्याशिवाय हळद लागली असं कुणी मानत नाही. जानकीआय रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत गायची. आवाज असा की मांडवात बसून गायली तर बंदरावर बोटीवरच्या माणसाला कळायचं, कुठल्या घराची हळद आहे. आणि तोंडाची तिखट. बाजारात तिच्याशी भाव करायला गिऱ्हाईक चळचळा कापायचं.

त्या दसऱ्याच्या सहा वर्षं आधी तिच्या घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा रुमाल बांधते. लिहिता येत नाही. तेव्हापासून एक टाळी म्हणजे हो, दोन टाळ्या म्हणजे नाही, आणि बाकी सगळं डोळ्यांनी. पुढच्याच वर्षी तिच्या मुलाचं, गणेशचं, लग्न झालं. शेकडो पोरींना हळद चढवलेली बाई स्वतःच्या सुनेच्या हळदीला मुकी बसली होती. दुसरी धवलारीण आणायची का, असं नाखव्यांनी हळूच विचारलं तर दोन टाळ्या अशा वाजवल्या की परत कुणाची विचारायची छाती झाली नाही. रेश्माची हळद बिनधवल्याची लागली.

तर ती रेश्मा धापा टाकत वर आली. "काका, टीव्हीवर आत्ता आयला दावली! जुनी, काळ्या केसांची!"

प्रकार असा होता. फार वर्षांपूर्वी जानकीआय आणि वाड्यातल्या चार बाया मुंबईला टीव्हीच्या स्टुडिओत गायला गेल्या होत्या. तेव्हा वाड्यात टीव्ही एकच, आणि नेमकी त्या दिवशी वीज नव्हती. कुणी तो कार्यक्रम पाहिलाच नाही. तिचा आवाज गेल्यावर मी त्या चॅनलला तीन पत्रं लिहिली होती, की टेप असेल तर नक्कल द्या. एकाचंही उत्तर नाही. आता तेच लोक जुने कार्यक्रम काढून दाखवत होते; रेश्माने पाहिली ती नुसती बिनआवाजाची झलक, आणि पुढच्या रविवारी सकाळी अकराला हा कार्यक्रम लागणार होता. एकदाच.

"काका, सासूचा आवाज न ऐकलेली सून अख्ख्या वाड्यात मी एकटीच हाय," रेश्मा म्हणाली. "बाया मना नशीबवान म्हनतात. मना न्हाय वाटत नशीबवान. तुमी ह्यो कार्यक्रम धरून ठेवा."

धरून ठेवणं म्हणजे रेकॉर्डिंग. ते माझ्या मशीनशिवाय वाड्यात कुणाकडेच होत नव्हतं. तिच्या आवाजाची दुसरी टेप नव्हती, मांडवात कुणी फोन पुढे धरला की ती गाणं थांबवायची म्हणून फोनवर घेतलेली फीत नव्हती, काही नव्हतं. आणि माझं मशीन दर पाच मिनिटांनी चित्र फोडत होतं.

तुम्ही म्हणाल, मग बाकीची कार्डं तासभर बंद ठेवायची, सोपं आहे. मलाही तेच वाटलं. पण अकराच्याच सुमाराला क्रिकेटची मॅच होती, आणि ती दुसऱ्या कार्डावर. उरलेल्या दोन कार्डांवर बायकांच्या रविवारच्या मालिका. दामू नाखव्यांकडे गेलो. ते म्हणाले, "वसंता, मॅच बंद केलीस तं पोरं तुज्या छत्र्या खाडीत टाकतील. पन जानकीसाटी मी बोलतो त्यांच्याशी." म्हणजे तोडगा निघाला होता.

तो तोडगा मोडला खुद्द जानकीआयने. मी तिच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, तुझ्यासाठी तासभर बाकी सगळं बंद ठेवतोय. तिने सोडे निवडता निवडता दोन टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, अगो, ऐक तरी. पुन्हा दोन. मग तिने बोट माझ्या छातीवर टेकवलं, मग वर माडीकडे दाखवलं, आणि मान अशी हलवली की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळावा. तुझं मशीन बिघडलंय, ते तू दुरुस्त कर. माझ्या नावावर गावाचं बंद करू नको.

सांगतो, मला राग आला. तिच्याचसाठी मरमर मरतोय आणि ही बया मलाच शिकवते. पण घरी येताना राग उतरला, कारण तिचं बरोबर होतं. चार कार्डं चालत नाहीत म्हणून दोनच चालवायची, ही दुरुस्ती नाही. ही शरणागती. उद्या नितीन म्हणेल, दोनच चालतात तर ठेवलंयस कशाला.

नितीनला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, टेन्शन नको घेऊ. टीव्हीसमोर मोबाईल धर आणि शूट कर. काम खतम." मी म्हटलं, नव्वद घरांतून मॅचचा आरडाओरडा चालू असताना? कोंबड्या, स्कूटर आणि त्यात तिचा आवाज? पुरावा नकोय मला, आवाज पाहिजे. आणि फोन ठेवला.

बुधवार गेला, गुरुवार गेला. कार्डांच्या जागा बदलून पाहिल्या. एकेक कार्ड एकटं चालवून पाहिलं, चारही निर्दोष. एकेकटी शहाणी आणि एकत्र आली की भांडण. शुक्रवारी सकाळी मी कपाटासमोर स्टुलावर डोकं धरून बसलो होतो, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. जानकीआय आणि मागे रेश्मा. सोड्यांची टोपली तशीच डोक्यावर.

तिने टोपली खाली ठेवली, कपाटापाशी आली आणि कॉम्प्युटरवर तळवा ठेवला. ही बाई मासळीच्या ढिगात हात घालून कुठल्या थरातला बर्फ वितळलाय ते सांगते. समोर हात ठेवला, बाजूला ठेवला, मग कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून हात मागे घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा हात घातला, आणि मुठीत काय तर झेंडूचा वाळलेला हार.

ओढला तर निघेना. मी कपाट पुढे सरकवलं. मागचा पंखा, जो आतली गरम हवा बाहेर टाकतो, तो ठप्प उभा होता. हाराचा दोरा त्याच्या कण्याभोवती करकचून गुंडाळला होता आणि जाळीत झेंडूच्या पाकळ्या गच्च भरल्या होत्या. प्रोसेसरला त्याचा स्वतःचा वेगळा पंखा, म्हणून तो थंडगार. कार्डांना तापमान सांगायची सोयच नसते. दोन असताना कशीबशी तग धरायची, चार झाली की एकमेकांच्या उष्णतेने बेजार. दसऱ्याच्या दिवशी सुरू झालेलं दुखणं, आणि मी खारा वारा, पॉवर सप्लाय, परदेशातला माणूस असं सगळं जग पालथं घातलं, फक्त मी स्वतः घातलेला हार तेवढा सोडला.

जानकीआयने मला एक धडा दिला, तोही मुक्याने. दोन्ही हातांची बोटं चिकटवून माझ्यापुढे धरली आणि नाक दाबलं. मग बोटं फाकवली आणि त्यांच्यामधून पदराने वारा घातला. रेश्मा हसू दाबत म्हणाली, "आय म्हनते, बोंबील बी लांब लांब टांगतात. मधून वारा जायला होवा." चाळीस वर्षं विजेच्या कामात काढलेला मी, आणि मला हे बोंबलांवरून शिकावं लागलं. कात्रीने दोरा कापला. पंखा फिरला. चारही कार्डं लावली आणि तिघं बसून राहिलो. अर्धा तास, तास, दोन तास. रोजनिशीत एकही गहाळ नाही. जानकीआयने एक टाळी वाजवली, टोपली उचलली आणि बाजाराला गेली.

रविवारी मी कपाटाचं दार उघडंच ठेवलं, कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं, वर टेबलफॅन लावला. ताकही फुंकून पिण्याची वेळ होती. खोलीत जानकीआय, रेश्मा, दामू नाखवा. जिन्यावर बायकांची रांग. खालून मॅचचा गलका येत होता, म्हणजे दुसरं कार्ड जोरात होतं. अकरा वाजले आणि पडद्यावर पाच बाया दिसल्या, हिरव्या लुगड्यातल्या, कॅमेऱ्याकडे बघायला घाबरलेल्या. मधली मात्र घाबरलेली नव्हती. तिने तोंड उघडलं.

काय सांगू. सहा वर्षांनी तो आवाज त्या खोलीत आला. मला रडू आलं, लपवत नाही. दामू नाखव्यांनी टोपी काढून तोंडासमोर धरली. जानकीआय ताठ बसली होती, दुसऱ्या कुणाची मासळी पारखावी तशी पडद्याकडे बघत. आणि रेश्मा पडद्याकडे बघतच नव्हती. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती.

"हलद चढली गो, कोनाला चढली, हलद चढली..."

इथे धवल्यात नवरीचं नाव येतं. स्टुडिओतल्या गाण्यात त्यांनी चंपा असं खोटंच नाव घेतलं होतं, असं त्या चौघींतली एक मागाहून म्हणाली. आम्ही ते ऐकलं नाही. कारण नेमकं तेव्हा मी डोळे पुसायला वळलो आणि माझा खांदा कपाटाच्या दाराला लागला. दाराच्या धक्क्याने मागची छत्रीची तार हलली. दोन सेकंद. चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला, आणि मग पुढची ओळ आली. बाकीचा सगळा कार्यक्रम स्वच्छ निघाला. त्यांच्या गाण्याच्या अकरा मिनिटांत दोन सेकंद गहाळ, आणि ते मशीनने नाही, मी घालवले. तेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणाल स्वतःच्याच फुशारक्या मारतो.

नितीनला फाईल पाठवली. तो पहिल्यांदाच गंभीर आवाजात बोलला. "मामा, काय आवाज हाय यार." मग म्हणाला, आता अशी सॉफ्टवेअर आली आहेत की तिच्याच आवाजात ते नाव बनवून मधे बसवता येईल, जोड कुणाला कळणारही नाही. मला ते पटलं. माझी चूक झाकली जात होती, न पटायला काय झालं? जानकीआयच्या घरी गेलो. दुपारची वेळ, गणेशही बोटीवरून आला होता. फाईल टीव्हीवर लावली आणि विचारलं, हे दोन सेकंद भरून आणू का?

दोन टाळ्या.

मी म्हटलं, अगो, तुझंच गाणं पुरं होईल. पुन्हा दोन टाळ्या. तिने मला खूण केली, पहिल्यापासून लाव. मग उठली, देव्हाऱ्यातली हळदीची वाटी आणली आणि रेश्माचा हात धरून तिला पुढ्यात बसवलं. गाणं त्या ओळीपाशी आलं. हलद चढली गो, कोनाला चढली, हलद चढली. चित्र फुटलं. जानकीआयने सुनेच्या गालाला हळद लावली आणि ओठ हलवले. आवाज नव्हता, पण आम्ही सगळ्यांनी वाचलं. रेश्मा. पुढच्या क्षणाला तिचा आवाज परत आला आणि पुढची ओळ गाऊ लागला. लग्नानंतर पाच वर्षांनी रेश्माची हळद धवल्याची झाली. ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली आणि गणेश उठून बाहेर गेला.

तेव्हापासून वाड्यात कुणाची हळद असली की मला बोलावणं येतं. मांडवात स्पीकर लावतो आणि माडीवरच्या मशीनमधून ती फाईल सोडतो. त्या दोन सेकंदांत जिची हळद तिचं नाव सगळ्या बायांनी मिळून घ्यायचं, अशी रीतच पडली आहे. नितीन अजून म्हणतो, मामा, ही फाईल मोबाईलवरूनही वाजेल, त्याला ते मशीन कशाला? वाजेल की. म्हणून का ज्याने ती धरली त्याला भंगारात घालू? दसऱ्याला त्याला हार घालतोच मी. फक्त पुढून, आणि आखूड.

मागच्या वैशाखात नाखव्यांच्या नातीच्या हळदीला बाया गप्पांत रंगल्या आणि त्या दोन सेकंदांत नाव घ्यायचं राहून गेलं. जानकीआय पाटावरून उठली, स्पीकरसमोर उभी राहिली आणि दोन टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी गाणं पहिल्यापासून लावलं.